भाव न करता आणायची मूर्ती

पिंपरी

थायलंडला जाऊन आले. काय काय पाहिलं, असं कॉलेजातल्या मैत्रिणी विचारतात तेव्हा मला पटकन उत्तर देता येत नाही. समुद्र मी पाहिला नाही. सगळे जिथं फोटो काढतात तो राजवाडा बसच्या खिडकीतून पाहिला. पाच दिवसांतला निम्म्याहून अधिक वेळ मी दुकानांत काढला, आणि खरेदी केली एकच. त्यामुळे हे वर्णन दुकानांचंच होणार. त्याची सुरुवातही पिंपरीच्या भाजी मंडईतून करावी लागेल.

दिलीप, माझा नवरा, चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत परचेसला होता. परचेसच्या माणसाचं काम सांगायला सोपं आहे. बाहेरचे छोटे कारखानदार कंपनीला माल पुरवतात, त्यांच्याकडून तो दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा कमी दरात घ्यायचा. लोखंड महागो, वीज महागो, दर खालीच आला पाहिजे. त्यासाठी हे लोक समोरच्याकडून किमतीची फोड मागतात. कच्चा माल किती, मजुरी किती, वाहतूक किती, नफा किती. त्याला ते ब्रेकअप म्हणतात. दिलीप हे काम घरी यायच्या आधी कंपनीत ठेवून येत नसे. रविवारी मंडईत भाजीवालीसमोर उकिडवा बसून विचारायचा, "मावशी, ब्रेकअप सांगा. शेतकऱ्याला किती दिले? टेम्पोला किती?" बायका हसायच्या, शिव्या घालायच्या, सांगायच्याही. मी मात्र दहा पावलं लांब उभी राहायची आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायची. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. पाट्या वाचत उभं राहणं मला जमतं.

गेल्या वर्षी एका रविवारी तो एका म्हाताऱ्या बाईशी मेथीच्या जुडीवरून बराच वेळ बोलत बसला. उन्हात माझा धीर सुटला. घरी येताना मी म्हणाले, "मला तुमची लाज वाटते." सोमवारी संध्याकाळी कंपनीतून येताना मेथी घेऊन आला. पिशवी ओट्यावर ठेवून म्हणाला, "सांगितलेल्या भावानं घेतली." मंगळवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये, निगडीच्या पुढे, त्याचं हृदय बंद पडलं.

देहूरोडला आमच्या सासरच्या वस्तीत एक छोटं विहार आहे. दिलीपचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते; त्यांच्या पिढीनं स्वतः विटा वाहून ते बांधलं. तिथली बुद्धमूर्ती प्लॅस्टरची आहे, हाताची बोटं झडलेली. कंपनीच्या कामासाठी दिलीप एकदा बँकॉकला गेला होता. तिथं एका रस्त्यावर फूटपाथभर बुद्धमूर्ती मांडलेल्या असतात, असं त्यानं येऊन सांगितलं होतं. आपल्या विहाराला तिथून मूर्ती आणीन, असं कमिटीला कबूलही करून बसला होता. ते राहून गेलं. त्याचं वर्ष जवळ आलं तेव्हा मी ठरवलं, पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या नावानं ती मूर्ती विहारात बसली पाहिजे. आणि मनाशी आणखी एक ठरवलं. या एका वस्तूचा भाव करायचा नाही. दुकानदार सांगेल ते द्यायचे.

हे मी फक्त कमलला सांगितलं. कमल माझी धाकटी नणंद. पिंपळे सौदागरला तिचं ब्लाऊज शिलाईचं आणि मॅचिंगचं दुकान आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"वहिनी, दादाच्या नावाची मूर्ती, आणि भाव न करता? वरून बघून त्याला दुसरा अटॅक येईल."

"मला नाही करायचा."

"तुला येत नाही असं म्हण. मी येते सोबत."

बँकॉक

आमच्यासोबत तेवीस माणसं होती आणि सचिन नावाचा टूर मॅनेजर. तो सगळ्यांना "चला चला, फ्रेश होऊन लॉबीत" एवढंच सांगायचा. मला एका जागी बसवत नव्हतं. वर्षभर तसंच चाललंय. वाचनालयात पुस्तक उघडते, चार ओळी वाचते आणि उठून खिडकी लावून येते. तिथंही नाश्त्याच्या टेबलावरून मी तीनदा उठले. इकडे कमल भाताच्या पेजेत तिखट घालून शांतपणे खात होती.

पहिल्या दिवशी ती मला कपड्यांच्या घाऊक बाजारात घेऊन गेली. आम्ही इतक्या सकाळी पोचलो की दुकानं नुकतीच उघडत होती. लेस विकणाऱ्या एका बाईला पहिलं गिऱ्हाईक मिळालं. तिनं मिळालेली नोट हातात धरली आणि दुकानातल्या सगळ्या मालावर टप्‌टप्‌ आपटत गेली, लेसच्या गुंडाळ्या, बटणांचे डबे, टांगलेले झगे.

"बोहनी!" कमल ओरडलीच. "अगं, यांच्यात पण बोहनी आहे! चल, आता हिला सोडत नाही. बोहनीच्या गिऱ्हाइकाला कोणी परत पाठवत नाही."

"बोहनी झाली की तिची. आत्ताच्या बाईनं केली."

"मग शेजारची."

शेजारच्या दुकानात तिनं लेसच्या सहा गुंडाळ्या निवडल्या. तिथं बोलणं नसतंच जवळजवळ. दुकानदार कॅल्क्युलेटरवर आकडा टाकतो आणि तुमच्यापुढे करतो, तुम्ही तो पुसून तुमचा टाकता. कमलनं निम्मा टाकला. दुकानदार बाई गोड हसली, थोडा कमी केला. कमलनं पुन्हा जवळपास तोच टाकला. बाई तेवढंच गोड हसली आणि कॅल्क्युलेटर खाली ठेवला. मग कमलनं हुकमी पान टाकलं. पर्स खांद्याला लावली, "राहू दे" म्हणाली आणि चालू लागली.

पिंपरीत असं चालू लागलं की पाचव्या पावलाला मागून "ओ ताई, या, या, काय द्यायचे बोला" येतं. कमल दहा पावलं गेली. कोपऱ्यापर्यंत गेली. मागून कोणी बोलावलं नाही. मी वळून पाहिलं तर बाई शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाला बटणं दाखवत होती. कोपऱ्यावर कमल दोन मिनिटं मोबाइलमध्ये काहीतरी बघितल्यासारखं करत उभी राहिली.

"येत नाही गं ही," ती म्हणाली.

"नाही."

"लेस चांगली आहे पण."

"हो."

परत जाऊन तिनं बाईनं शेवटी सांगितलेला भाव दिला. बाईनं दोन्ही हात जोडून मान लववली. टोमणा नाही, विजयाचं हसू नाही. बाहेर आल्यावर कमल म्हणाली, "माझ्या दुकानात सोसायटीच्या मॅडम गाडीतून उतरतात आणि अस्तराच्या दहा रुपयांवरून मला घाम फोडतात. आज कळलं, नुसतं हसून गप्प बसायचं. पण आपल्याकडे चालायचं नाही. हसले तर म्हणतील, कमलचं डोकं फिरलं."

दुपारी एका गाडीवर पेरू खाल्ला. वर तिखटमीठ, आपल्यासारखंच, फक्त त्यात साखर मिसळलेली. कमलनं साखरेला नावं ठेवली आणि दोन पेरू संपवले.

मूर्तींचा रस्ता

दुसऱ्या दिवशी बाकीची मंडळी समुद्राकडे गेली. आम्ही टॅक्सी करून शहराच्या जुन्या भागात गेलो. चौकात सात-आठ मजली उंचीची एक लाल लाकडी कमान आहे, पूर्वी तिला मोठा झोका टांगायचे म्हणतात. तिच्या पलीकडचा रस्ता पाहिल्यावर दिलीपनं काय सांगितलं होतं ते मला कळलं. दोन्ही फूटपाथांवर बुद्ध बसले होते. माणसापेक्षा उंच, वीतभर, सोन्याचा मुलामा दिलेले, काळे, सगळ्यांभोवती पिवळा पारदर्शक कागद गुंडाळलेला. मधूनमधून भिक्खूंना दान द्यायच्या पिवळ्या बादल्या. आत साबण, टूथपेस्ट, चहा, चीवर. आमच्या विहारात आम्ही ज्याच्यापुढे मान खाली घालून बसतो तो इथं मोटारसायकलींच्या शेजारी रांगेनं बसलेला. कमलनंसुद्धा आवाज खाली आणला.

चौथ्या दुकानात मला ती मूर्ती दिसली. दोन फुटांच्या आतबाहेर, पितळेची, उजवा हात जमिनीला टेकलेला. चेहरा लांबट. डोक्यावर ज्योतीसारखा उंच आकार होता.

"ही ज्योत आपल्याकडे नसते," कमल कुजबुजली. "कमिटी काय म्हणेल?"

मला कमिटीची आठवण नव्हती. मी मूर्तीसमोर उभी राहिले. दुकानदारीण सत्तरीच्या पुढची, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. तिनं कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून माझ्यापुढे धरला. बारा हजार बाट. मी तो पाहिला. द्यायचेच होते. पण मला बोलता येईना. दिलीप इथंच कुठंतरी उभा राहिला असेल, त्यानं किंमत विचारलीच असेल, फोडही मागितली असेल, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. मी मूर्तीकडे बघत राहिले.

म्हातारीनं कॅल्क्युलेटर मागे घेतला, अकरा हजार टाकले, पुन्हा पुढे केला.

मी तिच्याकडे पाहिलं. नको, असं सांगायला तोंड उघडलं, पण बोलले असते तर रडूच फुटलं असतं. मी मान खाली घातली. तिनं सुस्कारा टाकला. दहा. मग माझ्या डोळ्यांकडे पाहत, अगदी सावकाश, नऊ.

"वहिनी," कमल माझ्या कानाशी म्हणाली, "हलू नकोस. तू तर दादाचाही बाप निघालीस."

तेव्हा मला समजलं की काय होतंय. माझं रडू आवरणं ती बाई घासाघीस समजत होती. एक शब्द न बोलता मी भगवंताची किंमत तीन हजारांनी पाडली होती. मी घाईघाईनं कॅल्क्युलेटर घेतला, नऊ पुसले आणि बारा टाकले.

म्हातारीनं चष्मा लावून आकडा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं, मग कमलकडे. कमलनं कपाळाला हात लावला. म्हातारीनं बारा पुसून नऊ टाकले. मी बारा टाकले. ती मान हलवून "नो, नो" म्हणाली आणि जरा रागावून नवावर बोट आपटलं. शेजारच्या दुकानातला माणूस बघायला आला. कमलनं फोनवर भाषांतर लावून त्यात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते तिनं मला नंतर सांगितलं: "माझी वहिनी वेडी नाही. तिचा नवरा वारला आहे. तिला त्याच्या नावानं पूर्ण किंमत द्यायची आहे."

म्हातारीनं फोन कानाशी धरून ते दोनदा ऐकलं. मग स्वतः फोनमध्ये बोलली. फोन मराठीत म्हणाला, "मी एकदा शब्द दिला. आता जास्त घेतले तर मला पाप."

अशा तऱ्हेनं आम्ही दोघी उलट्या दिशेनं अडून बसलो. शेवटी तोडगा तिनंच काढला. तीन हजारांच्या पिवळ्या बादल्या माझ्याकडून घेववल्या, त्यांचा भाव एका पैशानं कमी केला नाही, आणि रस्त्यापलीकडच्या विहारात आमच्यासोबत येऊन भिक्खूंसमोर ठेववल्या. भिक्खूंनी पाणी शिंपडलं. दिलीपचं नाव त्यांनी विचारून घेतलं आणि पालीच्या पठणात मधेच ते उच्चारलं, "दिलिप", ओळखीच्या माणसासारखं.

दुकानात परत आल्यावर तिनं एक कागद पुढे केला. मूर्ती देशाबाहेर न्यायला सरकारी परवाना लागतो. फोटो, अर्ज, काही दिवस. आम्ही परवा निघणार होतो.

कमलनं माझ्या आधी उत्तर दिलं, "बघू म्हणावं." आणि मूर्ती टॅक्सीत घातली.

अयुथया

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्ती आमच्या खोलीत, चहाच्या किटलीशेजारी होती. सचिननं ती पाहिली आणि सल्ला दिला, "काकू, साड्यांत गुंडाळा, बॅगेच्या मधोमध. कोण विचारतंय. मागच्या ग्रुपनं दोन नेल्या."

"ऐकलंस?" कमल म्हणाली. "पुण्यानुमोदन महिन्यावर आलंय. इथं ठेवून गेलो तर मूर्तीही गेली आणि पैसेही. त्या बाईचं नाव तरी वाचता येतंय का आपल्याला?"

मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. तिनं ते हो धरलं आणि साड्या काढायला घेतल्या.

त्या दिवशी सहलीत अयुथया होतं. जुनी राजधानी, नदीच्या विळख्यात, विटांचे पडके स्तूप. ऊन इतकं की बाटलीतलं पाणी चहासारखं लागत होतं. एका पडक्या विहाराच्या भिंतीलगत बुद्धांची रांग आहे. तीस-चाळीस बुद्ध ओळीनं बसलेले, मांडीवर हात, खांद्यांवर चीवराच्या दगडी चुण्या आणि वर काही नाही. एकालाही डोकं नाही. वाटाड्या तोडक्या हिंदीत सांगत होता की काही लढाईत गेली, आणि बरीच नंतर चोरांनी कापून परदेशी गिऱ्हाइकांना विकली. शेजारी पाटी होती: मूर्तीमागे उभं राहून तिच्या मानेवर आपलं डोकं ठेवून फोटो काढू नये. म्हणजे कोणीतरी तसे काढत असणार.

मी ती पाटी एकदाच वाचली. ग्रुप पुढे गेला, मी त्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालून आले. कमल सावलीत बसून माझी वाट पाहत होती.

"कमल, मूर्ती साड्यांतून न्यायची नाही."

"मला वाटलंच. तू त्या रांगेत फेऱ्या मारायला लागलीस तेव्हाच वाटलं."

"ज्याच्या नावानं नेतोय तो कुणाच्या खिशातून घ्यायचा नाही. जे करायचं ते तोंडावर करायचा."

हे मी बोलले आणि मलाच थांबावं लागलं. गेल्या वर्षभरात दिलीपच्या भाव करण्याबद्दल माझ्या तोंडून बरा शब्द निघाला नव्हता. कमलनं पदरानं मान पुसली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण वेळेत आली नाही तर कमिटीपुढे तू उभी राहा. मी दुकान उघडं आहे म्हणून येणार नाही."

परतताना नदीकाठी छोट्या वाट्यांतून शेवयांचं तिखट सूप खाल्लं. प्रत्येक वाटी दोन घासांची. लोक रिकाम्या वाट्यांची चळत लावतात. कमलनं रागाच्या भरात नऊ वाट्या खाल्ल्या.

शेवटच्या दिवशी विमानाच्या आधी आम्ही मूर्ती दुकानात परत नेली. म्हातारीला आश्चर्य वाटलं नाही. तिनं अर्जावर माझ्या सह्या घेतल्या, पाठवणीचा खर्च सांगितला, मी दिला. फोन पुढे करून म्हणाली, "कधी पोचेल ते मी सांगू शकत नाही. पाठवीन हे सांगते." पिवळा कागद तिनं नवा गुंडाळला. आम्ही टॅक्सीत बसलो तेव्हा ती पेरू कापत होती.

चाकण

परत आल्यावरचे ते आठवडे मी कसे काढले ते सांगत नाही. कॉलेजच्या वाचनालयातली दोन कपाटं मी नव्यानं लावली, आणि पुन्हा होती तशी लावली. म्हातारीला फोनवरून निरोप पाठवला की एक दिवसानं हसऱ्या चेहऱ्याचं चित्र यायचं, दुसरं काही नाही. कमिटीचे आबा विचारत, "मूर्ती कुठवर आली?" मी म्हणे, "परवान्यात आहे." कमल दर दोन दिवसांनी विचारायची, "हसरं चित्र आलं का?"

पुण्यानुमोदनाला दोन दिवस राहिले असताना फोन आला. पार्सल चाकणच्या गोडाऊनला आलं आहे, घेऊन जा, आम्ही घरपोच देत नाही.

चाकणला मी वर्षभरात गेले नव्हते. निगडीहून बस धरली. तळेगावच्या पुढे कंटेनरच्या मागे कंटेनर, नव्याकोऱ्या मोटारी दोन मजल्यांवर लादलेले लांबलचक ट्रेलर, आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. बस सव्वा तास एका जागी होती. दिलीप रोज याच रस्त्यानं जायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "आज जाम कमी होता."

गोडाऊनमध्ये खोका दाखवला. लाकडी पट्ट्या ठोकलेला, माझ्या कमरेएवढा. एका हमालानं वरची पट्टी उचकटून दिली. आत पिवळा कागद, आणि कागदाखाली नाक, मिटलेले डोळे. सगळं शाबूत होतं. खोका बाहेर आणला, पण न्यायचा कसा? रिक्षावाल्यानं देहूरोडचं नाव ऐकलं, खोक्याकडे पाहिलं आणि दीड हजार म्हणाला. मी पर्स उघडली.

"ओ वैनी, थांबा! आवो, काय करताय!"

साठीचा एक माणूस, पांढरी टोपी, शर्टाला ग्रीसचे डाग, टेम्पोतून उडी मारून आला. रिक्षावाल्याला म्हणाला, "दीड हजार? काय रं, इमानातनं नेनार हाय का भावा?" मग माझ्याकडे वळला. "वळखलं न्हाई? म्या बबनराव. साहेबांचा व्हेंडर. मयताला आल्तो की. हितंच मागं वर्कशॉप हाय आपलं. बसा, म्या सोडतो."

खोका मागे न ठेवता त्यानं पुढच्या सीटवर आम्हा दोघांच्या मधे बसवला आणि दोरीनं बांधला. टेम्पो निघाला आणि शंभर मीटरवर पुन्हा जाममध्ये उभा राहिला. मला जे वर्षभर कुणाला विचारता आलं नव्हतं ते मी त्या खोक्यावरून वाकून त्याला विचारलं.

"बबनराव, ते तुम्हाला फार त्रास द्यायचे का?"

"साहेब? तरास म्हंजे! रगात आटवायचे." तो हसला. "मार्च आला की बोलावनं. 'बबनराव, रेट खाली आना.' म्या म्हनायचो, साहेब, लोखंड वाढलं, लाइट बिल वाढलं. ते म्हनायचे, कागद दावा. तासभर ती किटकिट. मग च्या. मग पुन्ना तासभर."

"वाईट वाटायचं?"

"वाटायचं की. माझ्या आईचं वर्स झालं नव्हतं, त्या साली बी कापला त्यांनी रेट. आन् थोरलीच्या लग्नाच्या साली म्हनले, या वर्षी ऱ्हाऊ द्या बबनराव, मी वर बोलतो. दोनी ध्यानात हायेत माझ्या."

समोरचा ट्रेलर एक गाडीभर पुढे सरकला.

"आता बरं आहे का मग?" मी विचारलं.

"आता?" त्यानं स्टेअरिंगवर हात आपटला. "आता साहेबच न्हाई कुनी. पोर्टल हाय. सकाळी अकराला उघडतंय, अर्धा तास घड्याळ उलटं पळतंय. कुनीतरी कुठनं तरी कमी आकडा टाकतो, आपन त्याच्या खाली टाकायचा. तो कोन हाय, कुठला हाय, त्याला परवडतंय का, काय बी कळत न्हाई. आन् म्हनायचं कुनाला, 'साहेब, बगा की जरा'? भांडायला तरी मानूस लागतो वैनी. ह्या साली माझं काम गेलं त्यात. कुनी 'न्हाई' म्हनलं बी न्हाई मला. नुसती लाल रेघ आली."

मंडईतल्या त्या बायका मला दिसल्या, उकिडव्या बसलेल्या दिलीपला शिव्या घालणाऱ्या. मी दहा पावलांवर होते. त्यांचं बोलणं मी कधी ऐकलंच नव्हतं. त्या मेथीवालीला त्या दिवशी काय वाटत होतं ते मला माहीत नाही. तिलाही लाज वाटली असेल. किंवा सकाळभरात तिच्याशी तेवढा वेळ बोललेला तो एकटाच असेल. आता हे विचारायला कुठं जायचं?

तळेगावच्या पुढे रस्ता मोकळा झाला. मी पर्स मांडीवर घेतली.

"बबनराव, तुमचे किती द्यायचे?"

"काय बोलताय वैनी. साहेबांचं काम हाय."

"तसं नको. सांगा."

"मग द्या तुमच्या मनानं."

माझ्या मनानं किती, ते मला कधीच कळलेलं नाही. मी खिडकीबाहेर पाहू लागले. त्यानं खोक्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आसं गप बसू नका, बोला. गप बसलं की मानसाला वाटतं, आपलं काय चुकलं."

"तुम्ही आकडा सांगा, मग बोलते."

"आठशे."

"आठशे?" माझा आवाज मला अनोळखी वाटला. "तुम्हाला देहूरोडकडे यायचंच असेल ना काही काम?"

"माझं कसलं काम आलंय तकडं! परत रिकामा यायचाय म्या."

"परत येताना रिकामे कशाला येता? तळेगावला माल उचला."

"बगा! साहेबांच्याच घरातल्या तुमी." तो खूश होऊन सीटवर सरसावून बसला. "बरं, सातशे. पन जामचं बगा की, दोन तास गेले माझे."

"जाम मी लावला नाही. साडेतीनशे."

"साडेतीनशात डिझेल बी येत न्हाई! वैनी, तुमी मास्तरीन हाय का वकील?"

"पुस्तकं सांभाळते."

"तरीच. वाचून आलाय सगळं."

सोमाटणे फाटा गेला. तो सहाशेवर आला, मी चारशेवर गेले. त्यानं टायरचा भाव सांगितला. मी त्याला टायर किती वर्षं चालतो ते विचारलं. त्यानं खोक्याकडे बोट दाखवून भगवंताला साक्षी ठेवलं, मी म्हटलं की त्यांना यात ओढायचं नाही. लष्कराच्या हद्दीतल्या झाडांखालून जाताना त्यानं मधेच विचारलं, मूर्ती कितीला पडली, आणि मी त्याला त्या म्हातारीची गोष्ट सांगितली, नऊ आणि बारा आणि पुन्हा नऊ. तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. डोळे पुसून म्हणाला, "पाचशे. आता ह्याच्या खाली न्हाई."

"साडेचारशे."

टेम्पो वस्तीच्या गल्लीत वळला. गोडाऊनमधून मी फोन केला होता; विहाराच्या दारात आबा, कमिटीची माणसं आणि पांढऱ्या साडीतली कमल उभी होती. दुकान बंद करून आली होती. चौघे जण खोका उतरवायला पुढे आले. बबनरावानं इंजिन बंद केलं, पण दोरी सोडली नाही.

"पाचशे, वैनी."

"साडेचारशे."

बाहेरून कमल काच ठोठावत होती, "वहिनी, उतर ना, काय झालं?" मी तिला हातानं थांबायची खूण केली. पन्नास रुपयांवर आम्ही दोघं अडलो होतो, आणि मला उतरायची घाई नव्हती.